अकरा घन इंच

निवृत्तीनंतर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा, असं सगळेच सांगतात. तो ठेवायचा कुठे, हे कुणी सांगत नाही. माझा छंद साडेपाच फूट उंच आहे, दोघा हमालांना घाम फोडेल इतका जड आहे, आणि चिंचवडच्या आमच्या रो-हाउसच्या पार्किंगमध्ये, जिथे बावीस वर्षं स्कूटर असायची, तिथे उभा आहे. स्कूटर आता पावसात असते. छंदाचं नाव बँडसॉ.

मी चौतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. माझ्या हातांतून किती कोटी गेले याचा हिशेब नाही, पण त्या हातांनी एक वस्तू म्हणून कधी घडवली नाही. नुसतं मोजलं. तेव्हा निवृत्त झाल्यावर काहीतरी बनवायचं, अशी हुक्की आली. "बनवा, पण रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, तसं करू नका म्हणजे झालं," असं ही म्हणाली. मी भिंतीला हात लावलेला नाही. जे केलं ते लाकडालाच केलं.

मोबाइलवर एक अमेरिकन गृहस्थ मी पाहिले. त्यांनी लाकडाचा एक ठोकळा घेतला, मशिनपुढे उभे राहिले, इकडून वळवला, तिकडून वळवला, आणि बघता बघता ठोकळ्याची नागमोडी पेटी झाली. आत खण, खणाला मूठ, आणि गृहस्थांच्या दाढीवर थोडा भुसा. दहा मिनिटांत. ती दहा मिनिटं कापून-जोडून केलेली होती हे मला नंतर कळलं. पेट्याही तशाच करतात, हेही नंतरच कळलं.

बँडसॉ म्हणजे काय, हे ज्यांनी पिठाची गिरणी पाहिली आहे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. एकावर एक दोन चाकं आणि त्यांच्यावरून फिरणारा एक पट्टा. फक्त हा पट्टा पोलादाचा असतो आणि त्याला दात असतात. लाकडाच्या वखारीतल्या आरागिरणीत हेच यंत्र राक्षसाएवढं असतं, अख्खे ओंडके खातं. माझं चौदा इंची चाकांचं, म्हणजे त्या राक्षसाचं बालवाडीतलं पोर. भोसरीतल्या एका फर्निचरवाल्याने धंदा आवरता घेतला तेव्हा मी ते जुनं विकत घेतलं. पातं साधारण मिनिटाला तीन हजार फूट धावतं. बँकेच्या सवयीने मी त्याचं रूपांतर करून पाहिलं: ताशी 55 किलोमीटर. जुन्या हायवेवर संध्याकाळी सहा वाजता एवढा वेग कुणी गाठल्याचं माझ्या ऐकिवात नाही. आमच्या पार्किंगमध्ये तो रोज गाठला जातो, तेही जागेवरून न हलता.

या यंत्रातली एक गंमत मला फार आवडते. चाकाचा काठ सपाट नसतो, मधोमध किंचित फुगीर असतो. आपल्याला वाटतं, फुगीर जागेवरून पट्टा घसरून खाली पडेल. प्रत्यक्षात उलट होतं. पट्टा सरकत सरकत सगळ्यात उंच जागेवर जाऊन बसतो आणि तिथून हलत नाही. अशी माणसं मी हेड ऑफिसमध्ये पुष्कळ पाहिली होती. त्यामागे यंत्रशास्त्र आहे, हे आत्ता समजलं.

बँडसॉचं पहिलं पेटंट 1808 साली इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी नावाच्या माणसाने घेतलं. कल्पना पक्की होती, फक्त पट्ट्याची दोन टोकं जोडायची कशी, हे काही जमेना. सांधा सारखा तुटायचा. असं जवळजवळ चाळीस वर्षं चाललं. मग 1846 साली फ्रान्समधल्या अ‍ॅन पॉलिन क्रेपँ या बाईंनी तो सांधा पक्का जोडायची रीत शोधून पेटंट घेतलं. पॅरिसच्या पेरँ कंपनीने त्यांच्याकडून हक्क विकत घेतले आणि तिथून पुढे हे यंत्र खऱ्या अर्थाने चालू झालं. ही हकीकत मी जेवताना मोठ्या कौतुकाने सांगितली. ही म्हणाली, "म्हणजे कल्पना बाप्याला सुचली, चाळीस वर्षं ती तुटत राहिली आणि शेवटी बाईने सांधली. यात नवीन काय आहे? आमटी वाढू?"

आता पेटीकडे वळतो.

साधी पेटी करायची म्हणजे फळ्या लागतात. फळ्या कापायच्या, कोपरे जुळवायचे, मध्ये जागा सोडायची. म्हणजे पोकळी फुकट आणि भिंती विकत. बँडसॉच्या पेटीत हा सगळा व्यवहार उलटा आहे. इथे आधी भरीव ठोकळा घ्यायचा. त्याची मागची बाजू पोळीएवढ्या जाडीची कापून बाजूला ठेवायची. मग बाजूने पातं आत घालून, वळसा घेऊन, मधला गाभा सबंध बाहेर काढायचा. त्या गाभ्याची पुढची चकती आणि मागची चकती कापायची, उरलेल्या मधल्या भागाचं पोट काढून टाकायचं, चकत्या पुन्हा चिकटवायच्या. झाला खण. पातं ज्या फटीतून आत शिरलं ती फट चिकटवायची. कापलेली पाठ पुन्हा चिकटवायची. झाली पेटी. थोडक्यात, जे एकसंध होतं त्याचे सहा तुकडे करायचे, एक फेकायचा आणि उरलेले पाच पुन्हा एकसंध दिसावेत म्हणून महिनाभर घासत बसायचं.

ठोकळ्यासाठी मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेलो. सागवान घनफुटाने विकतात आणि एका घनफुटात 1728 घन इंच असतात. मला हवे होते 150. सहा इंच लांब, पाच रुंद, पाच उंच. वखारीतल्या शेठनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी शाखेत चिल्लर मोजून मागणाऱ्यांकडे पाहत असे. "काका, एवढं तर आमच्याकडे मोजायच्या आधीच जमिनीवर पडतं," म्हणाले, आणि पायानेच एक जुन्या तुळईचा तुकडा माझ्याकडे सरकवला. पेठेतला कुठला तरी वाडा पाडल्यावर आलेली तुळई. वरून काळीकुट्ट, पण कोपरा खरवडला तर आत सोन्यासारखा रंग आणि तो सागाचा तेलकट वास. मी तुकडा मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आलो.

तुळई साडेतीन इंचच जाड होती, म्हणून तिचे दोन थर चिकटवायचे ठरवले, मध्ये शिसवीची एक काळी पट्टी. दिसायला झकास. सागवानात तेल असतं, त्यामुळे चिकटवण्याआधी ते थिनरने पुसावं लागतं. हे मला पहिली जोडी सुटून पायावर पडल्यानंतर कळलं. दुसऱ्यांदा पुसलं. फेव्हिकॉल लावला. आता क्लॅम्प. या कामाला आठ क्लॅम्प हवेत असं म्हणतात, माझ्याकडे दोन होते. उरलेल्या सहांचं काम पाटा, वरवंटा, खलबत्ता, कणकेचा डबा आणि बँकिंगच्या परीक्षेची दोन जाड पुस्तकं यांच्याकडून करून घेतलं. चोवीस तास. त्या चोवीस तासांत आमच्याकडे चटणी झाली नाही आणि पोळ्याही झाल्या नाहीत. पुस्तकं मात्र आयुष्यात पहिल्यांदा उपयोगी पडली.

मग कापायला घेतलं. पातं होतं दोन सुती. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा; सुतारांच्या जगात मिलिमीटर अजून पाहुणाच आहे. दोन सुती पात्याला साधारण पाच सुतांच्या त्रिज्येपेक्षा लहान वळण झेपत नाही. त्याला ओढून-ताणून वळवलं तर आधी ते तापतं, मग किंचाळतं, मग तुटतं. मी वळण व्यवस्थित घेत होतो. सगळं छान चाललं होतं. आणि मधोमध आल्यावर एकदम ठिणग्या उडाल्या, आणि लक्ष्मी रोडवर ऐन दिवाळीत वाजावा तसा सुतळी बॉम्ब पार्किंगमध्ये वाजला. शेजारच्या घरातून "काय झालं हो?" अशी हाक आली. लाकडाच्या आत खिळा होता. त्या वाड्यात कुणी तरी, केव्हा तरी, तुळईला कंदील टांगायला खिळा ठोकला असेल. वाडा गेला, कंदील गेला, तुळई तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली. खिळा माझी वाट पाहत थांबला होता.

हाक मारणारे शेजारी एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी आयुष्यभर मायक्रॉनमध्ये विचार केला आहे. त्यांच्या घरात नारळसुद्धा मध्यरेषेवर फुटतो. ते लोहचुंबक घेऊन आले, तुकड्यावरून हळूहळू फिरवलं आणि म्हणाले, "आणखी दोन आहेत." मग आम्ही दोघांनी दुपारभर छिन्नी आणि पक्कड घेऊन ते खिळे उपसले. चौकोनी, घडवलेले, टोकाला गंजून सुईसारखे झालेले. त्यांना ते फार आवडले. म्हणाले, "हे हातचं काम आहे. लाकूड तुम्ही घ्या, खिळे मला द्या."

सुरक्षिततेचं सांगायचं तर मी भित्रा माणूस आहे आणि तेच माझं संरक्षण. हातमोजे घालत नाही, कारण मोजा दातात अडकला की हातही त्याच्यामागून जातो. गोल लाकूड नुसतं धरून कापत नाही, ते गरकन फिरतं. पात्यावरचा दांडा लाकडाच्या अगदी जवळ, दोन सुतांवर आणून ठेवतो. तोंडाला मास्क, कारण लाकडाची बारीक धूळ फुप्फुसांना चांगली नाही आणि शिसवीची धूळ तर मला शिंकांची माळच लावते. आणि संध्याकाळी मशीन बंद केल्यावर दोन्ही हात दिव्याखाली धरून बोटं मोजतो. दहा. दिवसाची कॅश टॅली झाल्याशिवाय कॅशियर घरी जात नाही, ही सवय अशी कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

खण कापून झाला, जोडून झाला, आत बसला. सरकवला की खुळखुळ वाजत आत जायचा. त्याचंही कारण आहे. पातं लाकूड कापतं म्हणजे पात्याच्या दातांच्या रुंदीएवढं, साधारण एक मिलिमीटर, लाकूड भुसा होऊन उडून जातं. तेवढा खण चारही बाजूंनी बारीक होतो. शेजाऱ्यांनी खिशातून व्हर्निअर काढला. (ते देवळातही व्हर्निअर घेऊन जातात असा मला संशय आहे.) फट मोजली. "डावीकडे 1.1, उजवीकडे 0.6. तुमचं टेबल गुण्यात नाही." मी गुण्या आणून लावला. खरंच नव्हतं. टेबल पात्याला काटकोनात नसेल तर गाभा शंकूसारखा निघतो: पुढून आत जातो, मागून जात नाही. आणि या खणांचा आणखी एक स्वभाव आहे. ज्या पोकळीतून निघाला तिथेच तो बसतो, शेजारच्या पोकळीत बसत नाही, आणि उलटा घातला तर आपल्याही पोकळीत बसत नाही. आमच्या वेळची लग्नं अशीच असायची.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला, लाकूड फुगलं आणि एका रात्रीत फट नाहीशी झाली. खणही उघडेनासा झाला. त्यात माझी चष्म्याच्या स्क्रूची डबी होती. ती दसऱ्यानंतर निघाली.

एक दिवस शेजाऱ्यांकडे किचनच्या ट्रॉल्या बसवायला मिस्त्री आले होते, ते पेटी पाहायला डोकावले. तिशीतला मुलगा, कानावर पेन्सिल. पेटी हातात घेतली, उलटी केली, नखाने कडा चाचपली, कोपरे शोधू लागला. कोपरे नव्हतेच.

"काका, सांधा कुठाय?"

"सांधा नाही. एकाच ठोकळ्यातून काढली आहे."

"कुसू नाही, डव्हटेल नाही?"

"नाही."

"खिळा?"

"होते. काढले."

त्याने खण बाहेर काढला, आत घातला, पुन्हा काढला. आणि म्हणाला, "म्हणजे कलिंगडासारखं. गिऱ्हाइकाला लाल दाखवायला फोड काढायची आणि परत बसवायची." माझ्या चार महिन्यांच्या साधनेचं याहून नेमकं वर्णन मी तरी अजून वाचलेलं नाही. जाताना त्याने मला एक गोष्ट मात्र शिकवली: पॉलिश पेपर नेहमी रेषेच्या दिशेने मारायचा, आडवा मारला की ओरखडे पॉलिशखाली मोठे होऊन दिसतात. त्याआधी मी 80 नंबरपासून 400 नंबरपर्यंत सगळे कागद आडवे मारलेले होते. मी पुन्हा 80 पासून सुरुवात केली.

या घासण्याबद्दल कुणीच खरं बोलत नाही. कापायला एक दुपार लागली. घासायला पाच आठवडे. बाहेरची नागमोड घासता येते, पण खणाच्या पोटातली गोलाई? तिथे बोट जात नाही, कागद जात नाही. मी जुन्या लाटण्याला कागद गुंडाळून घासलं. लाटणं जुनं होतं, याबद्दल घरात अजून मतभेद आहेत.

आणि भुसा! पार्किंगमध्ये, चपलांत, चहाच्या कपात, स्कूटरच्या डिकीत, ती बाहेर असूनही. माझ्या लहानपणी आमच्याकडे भुशाची शेगडी होती. आई शेगडीच्या मध्यभागी बाटली उभी करायची, सभोवती भुसा ठेचून ठेचून भरायची, मग बाटली गरकन फिरवून अलगद उपसून काढायची. मधे सुरेख गोल पोकळी राहायची, तिच्यातून जाळ वर यायचा, आणि त्यावर सहा माणसांचा स्वयंपाक व्हायचा. भुशातून पोकळी काढून आईने घर चालवलं. मी लाकडातून पोकळी काढून भुसा केला. आता तो सोसायटीच्या कंपोस्टच्या खड्ड्यात जातो. तिथले सेक्रेटरी म्हणाले, "एवढा नको, खत कोरडं पडतंय."

शेवटी मेण लावलं आणि सागवानाच्या रेषा अशा काही उठून आल्या की मी स्वतःच पाच मिनिटं गप्प झालो. हे मात्र खरं सांगतो. शंभरेक पावसाळे आणि उन्हाळे त्या रेषांत शेजारी शेजारी बसलेले होते, आणि शिसवीची काळी पट्टी त्यांच्यामधून नदीसारखी गेली होती. मी पेटी टीव्हीशेजारी ठेवली. हिने चष्मा लावून पाहिली, हात फिरवला, "छान झालीय हो," म्हणाली. मग खण उघडला, आत पाहिलं, आणि तो प्रश्न विचारला.

"यात ठेवायचं काय?"

मी फूटपट्टी घेतली. आतून लांबी साडेतीन इंच, रुंदी अडीच, खोली सव्वा. गुणाकार केला: जवळजवळ अकरा घन इंच. दीडशे घन इंच लाकूड, पाच महिने, दोन पाती, एक लाटणं. हाती आलेली जागा अकरा. सव्वासात टक्के. ज्येष्ठ नागरिकाच्या मुदत ठेवीवर व्याज साधारण याच घरात मिळतं, आणि तिथे निदान मुद्दल तरी भुसा होत नाही.

शेजाऱ्यांनी हिशेब तपासला. घन इंचाचे मिलिलिटर केले. "180," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे बरोब्बर एक क्वार्टर!" मग पुन्हा व्हर्निअर लावून जरा वेळाने खिन्न झाले. "पण बाटली उंचीला बसत नाही."

शोध सुरू झाला. दागिने? खरे दागिने लॉकरमध्ये असतात. ती सवय मीच लावली. खोटे दागिने मोठे असतात. मंगळसूत्र गुंडाळून ठेवलं तर गुंतून निघतं. किल्ल्या? जुडगा जात नाही. कुंकू? "देवघरात करंडा आहे, तो माझ्या आईचा आहे," यावर पुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. सुपारी ठेवली तर अडकित्ता बाहेर राहतो. सुई-दोरा ठेवला तर कात्री बाहेर राहते. रिमोट खणापेक्षा लांब. चष्मा खणापेक्षा जाड. या घरातली प्रत्येक वस्तू खणापेक्षा एका सुताने तरी मोठी आहे किंवा तिला आधीपासून डबी आहे.

ही म्हणाली, "आतून तरी नीट दिसू दे, ते लाटण्याचे ओरखडे झाकले जातील." आणि कपाटातून एक जुना गुळेदगुडचा खण काढला, हिच्या मंगळागौरीचा, चोळी न शिवता तसाच राहिलेला. त्याची पट्टी कापून आम्ही पेटीच्या खणाला आतून चिकटवली. मोरपिशी जमीन, लाल काठ. खणाला खण लागला. त्या संध्याकाळी आम्ही दोघं त्यावर वाजवीपेक्षा जास्त हसलो. मग लक्षात आलं, की अस्तरामुळे आतली जागा आणखी कमी झाली. तरी रुंदीच्या बाजूंना अस्तर लावू नका म्हणून शेजाऱ्यांनी बजावलं होतं, म्हणून अडीच इंच तेवढे शाबूत राहिले.

दरम्यान हात बसला होता आणि मी थांबू शकत नव्हतो. एकाच मापाच्या नऊ पेट्या झाल्या. डोंबिवलीच्या बहिणीला एक दिली. महिन्याने गेलो तर पेटी दिवाणखान्याच्या दाराशी जमिनीवर. "दादा, तुझी पेटी इतकी जड आहे ना, वाऱ्याने दार आपटत नाही आता. सगळे विचारतात कुठून आणली." एक मेहुण्यांना दिली, त्यांनी ती उघडते हे सहा महिन्यांनी पाहिलं. भाच्याच्या मुलीने तिच्यात रेशमाचा किडा ठेवला. आत्तापर्यंतच्या सगळ्या गिऱ्हाइकांत तो एकटाच समाधानी होता, पण तोही पुढे निघून गेला.

मग पुतण्याचं लग्न ठरलं आणि मला मार्ग दिसला. आहेर पाकिटातून का द्यायचा? पेटीतून देऊ! पाचशेच्या नव्या कोऱ्या नोटा आणल्या, मधोमध घडी घातली, खणात सारल्या. जाईनात. पुन्हा सारल्या. कडा दुमडू लागल्या. आणि माझ्या पायांखालची जमीन सरकली. पाचशेची नवी नोट 150 मिलिमीटर लांब आणि 66 मिलिमीटर रुंद असते. अडीच इंच म्हणजे साडेत्रेसष्ट. ज्या माणसाने जन्मभर नोटाच मोजल्या, त्याने नोट मावणार नाही असा खण केला, एकदा नव्हे, नऊ वेळा. मी शंभरची घालून पाहिली. रुंदी 66. दोनशेची, 66. पन्नासचीही 66. नोटांना लांबीत मूल्याप्रमाणे चढउतार आहेत, रुंदीत मात्र सगळ्यांनी माझ्याविरुद्ध एकजूट केली होती.

शेजारी व्हर्निअर घेऊन आलेच. त्यांनी वरच्या खिशातली चहाची दहाची नोट काढली, मोजली. "त्रेसष्ट." घडी घालून सारली. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाने ती अशी आत गेली, जशी म्यानात तलवार. "हे खरं फिट," ते हळू आवाजात म्हणाले. त्यांच्या तोंडून आलेली ही पहिली शाबासकी. वीसचीही गेली, तीही त्रेसष्टच. त्यावरची जागा एका नाण्यापुरती रिकामी होती. हिने देवघरातून रुपया आणून ठेवला आणि खण लावला. खुळखुळलासुद्धा नाही.

दहा अधिक एक, अकरा. पुतण्याला पेटी अकरा रुपयांसह दिली. पाचशेच्या नोटा वेगळ्या पाकिटातून द्याव्या लागल्या, ती गोष्ट वेगळी.

आता माझ्याकडे सहा पेट्या तयार आहेत आणि मशीनवर सातवी चढली आहे. सहांत प्रत्येकी दहाची कोरी नोट आणि रुपयाचं नाणं घालून ठेवलेलं आहे. वाचकांपैकी कुणाकडे लग्न, मुंज, बारसं, वास्तुशांत असेल तर जरूर बोलवा. पत्रिकेवर "कृपया आहेर आणू नये" असं छापलेलं असलं तरी चालेल. पेटी म्हणजे आहेर नव्हे, असं आमच्या घरी आणि शेजारी एकमताने ठरलेलं आहे. फक्त पावसाळ्यातलं कार्य असेल तर खण दसऱ्यापर्यंत ओढू नये.